दूरस्थ पदवीचे मोल ठरविणार कोण?

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या गावांमध्ये गणेशमूर्तींचे कारखाने वर्षाचा बराचसा काळ चालू असतात. साच्यातून मूर्ती काढणारे, रंगकाम करणारे, डोळ्यांची आखणी करणारे हात बहुतांशी तरुण आहेत. ऐन महाविद्यालयीन वयात हातात रोजगार आल्याने नियमित वर्गात बसणे त्यांच्यापैकी अनेकांना शक्य होत नाही. अशा विद्यार्थ्यांना पदवीचे दार दूरशिक्षणानेच उघडते. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. या विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाले. सोय जुनीच आहे. तीवर कायद्याचा धाक बसण्यास मात्र फार उशीर झाला आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

या उशिराचे मूळ यंत्रणेच्या रचनेत होते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या १९८५ च्या कायद्याच्या आधारे १९९१ मध्ये दूरशिक्षण परिषद स्थापन झाली. देशभरातील दूरशिक्षणाचा दर्जा राखण्याचे काम तिच्याकडे आले. म्हणजे जे विद्यापीठ स्वतःच या क्षेत्रातील सर्वांत मोठे, त्याच्याच छत्राखालील परिषद इतरांना मान्यता देणार! विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषद यांचे अधिकार वेगळे होतेच. एकाने परवानगी द्यायची, दुसऱ्याने ती अमान्य करायची आणि तिसऱ्याने गप्प राहायचे, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१३ मध्ये ही परिषद बरखास्त झाली आणि तिचे काम अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे गेले.

तोपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. राजस्थान, उत्तर प्रदेश व तामिळनाडूतील चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी न घेता अभियांत्रिकीच्या पदव्या चक्क दूरशिक्षणाने वाटल्या होत्या. परवानगी नसताना सुरू झालेल्या या अभ्यासक्रमांना मागाहून, पूर्वलक्षी मान्यता देण्याचा उद्योगही झाला. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी ओडिशा उपसा सिंचन महामंडळाच्या खटल्यात ही पूर्वलक्षी मान्यता बेकायदा ठरविली. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा उत्तीर्ण झाले तरच त्या परत मिळणार होत्या आणि त्यासाठी दोनच संधी होत्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द झाल्या. त्यांच्या वाट्याला शुल्काचा परतावा तेवढा आला. या पदव्यांवर नोकरीत बढती मिळविलेल्यांचे लाभही गेले. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने पहिल्या गटाला काहीशी सवलत दिली. तरी बारा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसावे लागले, हे वास्तव उरतेच.

न्यायालयाचा निकाल कायद्याने बिनतोड आहे. प्रयोगशाळेवाचून अभियंता घडत नाही, हे सांगण्यास न्यायाधीशांची गरज पडावी हेच खरे दुर्दैव. मात्र शिक्षेचे वाटप पाहिले तर तराजू एका बाजूला झुकलेला दिसतो. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांची केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी करावी, असे न्यायालयाने सांगितले होते. पण पदवी गेली ती विद्यार्थ्याची, तीही त्याच दिवशी. कायद्याच्या दुसऱ्या टोकाला तर याहून मोठी विसंगती आहे. अधिकार नसताना पदवी देणाऱ्या संस्थेला अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २४ व्या कलमान्वये कमाल दंड आहे एक हजार रुपये. एका विद्यार्थ्याच्या सहामाही शुल्कातूनही तो भरता येईल.

मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नाची झळ २०१८ मध्ये बसली, आणि तीही वेगळ्याच कारणाने. आयोगाच्या २०१७ च्या दूरशिक्षण नियमावलीने मान्यतेची सांगड राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या गुणांकनाशी घातली. पुढील दुरुस्तीने ही अट ३.२६ गुणांची झाली. विद्यापीठाच्या मूल्यांकनाची मुदत २०१७ मध्येच संपली होती. उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीचा गोंधळ आणि रखडलेले निकाल यांत त्या वर्षी विद्यापीठ बुडालेले असताना फेरमूल्यांकन मागे पडले. ऑगस्ट २०१८ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था तीत नव्हती. हजारो विद्यार्थ्यांचे प्रवेश टांगणीला लागले. नंतर मान्यता मिळाली खरी, पण ऐन प्रवेशाच्या हंगामात गेलेला वेळ कोणी भरून दिला नाही. २०२१ मध्ये विद्यापीठाला ३.६५ गुणांसह सर्वोच्च श्रेणी मिळाली आणि हा प्रश्न निकाली निघाला. मधल्या काळातील चूक मूल्यांकन वेळेत न करणाऱ्या प्रशासनाची होती. घोर लागला तो विद्यार्थ्यांना.

४ सप्टेंबर २०२० च्या नियमावलीने चित्र बरेच स्पष्ट केले आहे. दूरशिक्षणासाठी ३.०१ गुणांकन किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, अशी पात्रता आली. मुक्त विद्यापीठांसाठीच्या अटी वेगळ्या आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र, विधी यांसारख्या अभ्यासक्रमांना दूरशिक्षणात मज्जाव आहे. खासगी केंद्रांना अभ्यासक्रम ठेक्याने देता येत नाहीत. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या कार्यक्षेत्राबाहेर चालविता येत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमांना ही भौगोलिक मर्यादा नाही. दूरच्या राज्यातील विद्यापीठाची पाटी लावून तालुक्याच्या गावी गाळ्यात चालणाऱ्या 'अभ्यास केंद्रां'चा आधार त्यामुळे कायद्यापुरता संपला आहे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष समजावी, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावले. २०२४ पासून विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक काढावा लागतो. आपली संस्था व अभ्यासक्रम यादीत आहे की नाही, हे त्याला पैसे भरण्याआधीच कळू शकते. ही तरतूद वीस वर्षांपूर्वी असती तर अनेकांचे आयुष्य वेगळे झाले असते.

मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती अभ्यासक्रमागणिक आणि शैक्षणिक वर्षागणिक असते. या नोंदी इंग्रजीत आणि आंतरजालावर असतात, तर प्रवेशाचा सल्ला गावात तोंडी मिळतो. पदवीतील खोट बहुधा उघड होते ती नोकरीच्या कागदपत्रांच्या पडताळणीत, म्हणजे तीन वर्षे आणि शुल्क दोन्ही गेल्यावर.

मूर्तिकारांच्या गावांपुरता आणखी एक अडसर आहे. दूरशिक्षणाचे मुख्य सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होते आणि नेमक्या त्याच महिन्यांत कारखान्यांत रात्रपाळ्या चालतात. नियमावलीने जानेवारी-फेब्रुवारीचे दुसरे सत्रही मान्य केले आहे. कारखान्यातील काम तेव्हा तुलनेने सैल असते. त्या सत्रात अधिक अभ्यासक्रम खुले करणे आणि संपर्क वर्गांसाठी सांताक्रुझच्या कलिना संकुलाऐवजी पेणसारखे ठिकाण देणे विद्यापीठांच्या हाती आहे. त्यासाठी कायद्यात दुरुस्तीची गरज नाही.