सिकलसेल हा ‘त्यांचा’ आजार? निकाहच्या आधी एवढी एक तपासणी कराच

फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या जिल्ह्यातलं नवापूर एका दिवसात जगभर माहीत झालं. १८ तारखेला तिथल्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं, भारतातली ती पहिलीच नोंद. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या, पांढरे पोशाख घातलेली पथकं आली, लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. आम्ही तेव्हा नोकरीत नवे होतो. शाळेत, बाजारात, मशिदीबाहेर, सगळीकडे तोच विषय. घराघरांत चिकन बंद झालं आणि कोंबडीवाल्यांचे धंदे बसले. त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच घडलं.

याच नंदुरबार जिल्ह्यात दुसरा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या रक्तात आहे. त्याच्यासाठी एवढ्या गाड्या कधी आल्या नाहीत. तो सिकलसेल.

रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं-सांधे असे दुखतात की मूल रात्रभर तळमळतं. निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. आपल्याकडे पिवळे डोळे दिसले की आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, तिथेच महिने जातात. हा आजार लागणीचा नाही, पण लागणीच्या आजारांना दार उघडून देतो. प्लीहा निकामी होत जाते, मग साधा वाटणारा ताप किंवा न्यूमोनिया अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतो. आणि या आजाराची मुळंही एका साथीच्या आजारातच आहेत. ज्याच्याकडे हा जीन आई किंवा वडील, एकाकडूनच आला आहे, त्या ‘वाहक’ माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे हजारो वर्षं मलेरिया होता त्या भागांत, जंगलपट्ट्यांत, तो टिकून राहिला. आपला सातपुडा त्यातलाच.

आता वाचक म्हणतील, हे भिल्ल-पावरा समाजाचं दुखणं, आपल्या वेबसाइटवर कशाला? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातले शंभरातले ६९ लोक आदिवासी आहेत. आपली दुकानं, आपल्या शाळा, आपली शेतमजुरी त्यांच्याशिवाय चालत नाही. एवढं कारण खरं तर पुरे. पण आपल्या घरातलं कारणही आहे. खान्देशातले तडवी भिल्ल मुसलमान आहेत. जळगावकडच्या यावल, रावेर, चोपड्यात त्यांची गावंच्या गावं आहेत. कलमा पढला म्हणून रक्तातला वारसा बदलत नाही. आणि सिकलसेल नसला तरी त्याचा भाऊबंद थॅलेसेमिया सगळ्या समाजांत सापडतो, आपल्यातही. तिथे तर काही मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

यात आपली एक खास अडचण आहे, ती स्पष्टच बोलू. मामूच्या, चाचाच्या, खालाच्या मुलाशी रिश्ता करायची पद्धत. ती जायज आहे, पण सक्तीची नाही. एकाच दादाचं रक्त दोन्हीकडे असेल तर दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी, चारात दोन की वाहक, चारात एक की पूर्ण निरोगी. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तिघं सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं.

पण याच गणिताची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. जोडप्यातला एकच वाहक असेल आणि दुसऱ्याची तपासणी पूर्ण स्वच्छ असेल, तर त्यांना सिकलसेलचं आजारी मूल होत नाही. वाहक माणूस स्वतः रुग्ण नाही. तो शेतात राबतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. तरी आम्हाला भीती वाटते ती वेगळीच. तपासणीचं कार्ड घरात आलं की ते पहिल्यांदा मुलीच्याच विरोधात वापरलं जाईल. ‘मुलीत खोट आहे’ अशी कुजबुज व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. म्हणून आमचं सरळ म्हणणं आहे, आधी मुलाची तपासणी करा. तो स्वच्छ निघाला तर सिकलसेलपुरता प्रश्नच मिटला, मुलीच्या कार्डावर काही का असेना.

ज्यांना हे नवीन खूळ वाटतं त्यांनी आखातात कमावणाऱ्या आपल्याच भावांना विचारावं. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. रिश्ता करायचा की नाही हे घरच्यांवरच सोडलं आहे, पण माहिती घेतल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. इराणने थॅलेसेमियासाठी हेच १९९७ पासून सुरू केलं. आणि गंमत बघा, सौदीच्या पूर्व भागात जो सिकलसेल आढळतो आणि जो आपल्या भारतात आढळतो, त्याची जनुकीय जात एकच आहे. शास्त्रज्ञ तिला ‘अरब-इंडियन’ म्हणतात.

आपल्या सरकारनेही १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असं उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून जास्त तपासण्या झाल्याचं सरकारने सांगितलं. त्यात दोन लाखांवर रुग्ण आणि सोळा लाखांवर वाहक सापडले. आकडा मोठा आहे, कबूल. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध दुखण्याचे झटके कमी करतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घ्यावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतलं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं तेव्हा ती गोळी त्याच्यामागे जाते का, यावर मोहिमेचं यश ठरेल. नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं हे चांगलंच, पण नर्मदाकाठच्या गावातून नंदुरबार गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

आता आमची चूकही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात सहावीचा एक भिल्ल मुलगा होता. थंडीत आठ-आठ दिवस गैरहजर. आला की पाय दुखतात म्हणायचा, सारखं पाणी प्यायला आणि लघवीला जायची परवानगी मागायचा. आम्ही त्याला कामचुकार ठरवलं, मैदानाला दोन चकराही मारायला लावल्या. पुढे आशाताईंमुळे तपासणी झाली तेव्हा कळलं. थंडी, ऊन, अतिश्रम आणि शरीरातलं पाणी कमी होणं, या चारही गोष्टी सिकलसेलचा झटका आणतात. आम्ही बी.एड. झालेलो, पण प्रशिक्षणात हे आम्हाला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मुभा सगळ्यांना आहे, कारण एकट्यालाच दिली की पोरं चिडवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही आहेत, तेव्हा प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलतींबद्दल पालकांनी मुख्याध्यापकांना जरूर विचारावं. आणि रमजानचं. असा रुग्ण घरात असेल तर रोजाचा विषय आधी डॉक्टरांशी बोला, मग इमामसाहेबांशी. आजाऱ्याला सवलत आहे हे सगळ्यांना पाठ असतं, फक्त स्वतःच्या पोराला ती द्यायची वेळ आली की आपल्याला लाज वाटते.

मोहिमेत तपासणी मोफत आहे. आधी बोटातून थेंबभर रक्त घेतात, संशय आला तर पक्की तपासणी करतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. थॅलेसेमियाची तपासणी त्यातच होते की वेगळी सांगावी लागते, हेही तिथेच विचारून घ्या. मंगनीच्या खर्चाच्या यादीत हॉल, जेवण, कपडे सगळं असतं. त्यात हीही एक ओळ लिहा, आणि तारीख ठरण्याच्या आधी, कारण पत्रिका छापून झाल्यावर आलेला रिपोर्ट कोणीच उघडून वाचत नाही.