रक्तदाब किती उतरवावा?
रक्तदाब उतरवावा हे निर्विवाद. किती, हा मात्र तकरारीचा मुद्दा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ चाचणीत, वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचा यत्न झालेल्या रुग्णांत हृदयविकार व मृत्यू १४० चे लक्ष्य ठेवलेल्यांपेक्षा कमी आढळले, हे खरे. परंतु तीतून मधुमेही मुळातच वगळले होते, आणि दाब मोजला जाई तो पाच मिनिटे स्वस्थ बसवून, स्वयंचलित यंत्राने. आपल्याकडे जिना चढून धापा टाकीत आलेल्या गृहस्थाच्या दंडाला, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळून, जो आकडा दप्तरी दाखल होतो, त्याच्या बळावर १२० चा हुकूम फर्मावणे मला गैरवाजवी वाटते. चाचणीत मूर्च्छेचे प्रकारही १२० च्या गटातच अधिक घडले; तेव्हा उठताच भोवळ येणाऱ्या वृद्धेला १४० च्या आसपास राहू द्यावे, धडधाकट पन्नाशीच्या इसमाने मात्र, एखादी गोळी वाढली तरी कुरकुर न करता, १३० च्या खाली यावे.