गुन्हे मागे, तारखा पुढे

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर कलमांचे आकडे शोभत नाहीत, हे कबूल. पण अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात लाठीमार झाला, आंदोलक आणि पोलीस दोघेही जखमी झाले, गुन्हे नोंदले गेले, आणि तेव्हापासून ‘गुन्हे मागे घ्या’ हे जालना जिल्ह्याच्या तोंडी बसलेले वाक्य आहे. मागणीत गैर काही नाही. तिच्या भरवशावर कोर्टाकडे पाठ करून बसणे मात्र आरोपीलाच महागात पडते.

कारण सरकारने नुसते जाहीर केल्याने खटला मिटत नाही. अर्ज करायचा सरकारी वकिलाने, तोही स्वतः विचार करून, आणि संमती द्यायची की नाही हे ठरवायचे न्यायालयाने. केरळ विधानसभेत मोडतोड केल्याचा आरोप असलेल्या आमदारांवरचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२१ रोजी नकारच दिला. राज्य सरकार पाठीशी असूनही त्यांची डाळ शिजली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने तर पीडिताला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय अशी संमती देता येणार नाही, असे सांगितले आहे. संमती मिळाली तरी ती केव्हा मिळाली यावर बरेच अवलंबून असते: दोषारोप ठेवण्याआधी असेल तर आरोपी दोषमुक्त होतो, नंतर असेल तर निर्दोष सुटतो. ‘फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे काय?’ या भरतीच्या रकान्यापाशी पेन अडलेल्या पोराला सभेतली घोषणा पुरत नाही, त्याला आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल लागते.

आंदोलनातला गुन्हा राजकारणानेच मिटवावा, गरिबाने वकिलाची फी का भरावी, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण घड्याळ कोणासाठी थांबत नाही. १ जुलै २०२४ ला प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्याच संहितेने चालतात. त्यानंतरच्या रास्ता रोकोत नाव आलेल्याला मात्र दोषमुक्तीच्या अर्जासाठी ६० दिवस आहेत. सत्र खटल्यात ते प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून मोजायचे, वॉरंट खटल्यात कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून. जुन्या कायद्यात ही मुदतच नव्हती. गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाचे दार आहे, पूर्वी कलम ४८२ खाली, आता ५२८ खाली. आणि फीचे म्हणाल, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतला कोणीही यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तेव्हा नकला हातात पडल्या, की ती तारीख आधी वहीत टिपावी आणि घोषणेची बातमी मग वाचावी.