टेकडीचे ऋण

करोनाच्या महामारीचा काळ मागे पडला. त्या काळाने दिलेले धडेही आपण मागे टाकीत आहोत, याची आम्हांस चिंता वाटते. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले आणि २५ मार्चपासून सारा देश दारे लावून बसला. रोगाच्या भयाइतकेच बंद घरातील कुढणेही अनेकांना जाचले. पुढे ३ जूनपासून शासनाने, प्रतिबंधित क्षेत्रे वगळून, पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळात मोकळ्या जागी फिरण्यास मुभा दिली, तेव्हा पुणेकरांची पावले आपसूक टेकड्यांकडे वळली.

सुमारे २६०० फूट उंचीच्या वेताळ टेकडीवर त्यांना मिळाले तरी काय? पहिल्या पावसाने हिरवळलेले गवत, जुन्या खाणीत साठलेले पाणी, कोठून तरी येणारी मोराची केका. यातले काहीच रोगावरचे औषध नव्हे. पण चढावर दम लागला, की मृतांचे आकडे मोजणारे मन घटकाभर गप्प होते. आणि माथ्यावरून पाहता आपले घर हजार घरांतले एक दिसते. आपल्यासारखेच दुःख शेजारच्या छपराखालीही आहे, ही जाणीव मनाला धीर देते. चित्तशांती ती हीच. दुःखाचा विसर नव्हे.

ती सर्वांच्या वाट्याला आली नाही, हेही सांगितले पाहिजे. परिचारिका आणि सफाई कामगार यांना फिरायला सवड नव्हती. अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकून शहरातून येणाऱ्यांस रोखले, तेव्हा काही सुशिक्षितांना राग आला. आमच्या मते तो राग अनाठायी होता. ज्या गावाला दवाखाना दूर, त्याने दुसरे काय करावे? आपल्या मनाच्या शांतीसाठी दुसऱ्याची शांती पणाला लावण्याचा अधिकार कोणासही नाही. डोंगरवाटेवर शहरवासी हा पाहुणा आहे; त्याने पाहुण्याच्या मर्यादेने जावे व आपला कचरा परत आणावा.

संकटात मोकळ्या जागेचा आसरा घेण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. १८९७ च्या प्लेगात पुण्यातील अनेक कुटुंबे घरे सोडून गावाबाहेरच्या माळावर झोपड्या बांधून राहिली होती. त्या काळी जो गावाबाहेरचा माळ होता, तेथे आज दाट वस्ती आहे. आता शहराजवळ उरल्या आहेत त्या टेकड्या. आणि त्यांच्याही अंगावरून रस्ता नेण्याच्या योजना होतात. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३ साली नागरिकांना मोर्चा काढावा लागला. वाहतुकीची कोंडी खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. तिच्यावर सार्वजनिक वाहतुकीसारखे अन्य उपाय आहेत. फोडलेली टेकडी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकातून पुन्हा उभी करता येत नाही.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा औषधे व रुग्णशय्या सिद्ध हव्यातच. पण घाबरलेल्या माणसाला चढून जाण्यास एक टेकडीही शिल्लक हवी. ज्यांनी २०२० साली तिच्या माथ्यावर मोकळा श्वास घेतला, त्यांनी तरी तिच्यासाठी आता गप्प बसू नये.