आता पाळी कोणाची?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची मुले, मुली व सुना आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या तोंडून ‘ओपन सोर्स’ हा शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या कानी पडलाच असेल. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांस पाहावयास व सुधारावयास मोकळी असते, ते हे. त्यातील दोष कोणीही कळवावा, दुरुस्तीही कोणीही करून पाठवावी. मोठ्या प्रकल्पांत अशा तक्रारी हजारोंनी साचतात. त्यांस वळण लावण्यासाठी प्रत्येकीस दोन-तीन शब्दांची लेबले चिकटविण्याची रीत आहे. रीत साधी खरी. परंतु परक्याने विनामोबदला दिलेल्या श्रमांचे चीज होणार की माती, हे पुष्कळदा तीवरच ठरते.

रस्ट या संगणकभाषेच्या प्रकल्पात लेबलाचे आद्याक्षर त्याचे कूळ सांगते. ‘ए’ म्हणजे विभाग, ‘पी’ म्हणजे तातडी, ‘एस’ म्हणजे स्थिती. यांपैकी शेवटचे कूळ आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटते. ‘एस-वेटिंग-ऑन-रिव्ह्यू’ असे असेल तर काम तपासणाराकडे अडले आहे. ‘एस-वेटिंग-ऑन-ऑथर’ असेल तर कर्त्याकडे. एकत्र कुटुंबात ‘मला वाटले, तुम्ही करणार’ या एका वाक्याने किती कामे राहून जातात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच!

नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल असते. गूगलने २०१४ साली जाहीर केलेल्या कुबरनेटिस प्रकल्पाने ते लावण्यास अटी घातल्या आहेत: उपाय कोणता तो समजावून सांगावा, संहितेतील नेमकी जागा दाखवावी, आधीच्या तशा कामाचे उदाहरण द्यावे. हे योग्यच झाले. लेबल डकविणे क्षणाचे काम. ते खरे करावयास जाणत्याचा बराच वेळ खर्ची पडतो. तो वाचवून ज्याने नुसतेच लेबल लावले, त्याने एखाद्या विद्यार्थ्याची सुटी फुकट घालविली, असे आम्ही म्हणू.

याच कुबरनेटिसची दुसरी एक चाल मात्र आम्हांस रुचत नाही. नव्वद दिवस हालचाल झाली नाही, तर यंत्र आपण होऊन तक्रारीस ‘स्टेल’, म्हणजे शिळी, ठरविते. आणखी तीस दिवसांनी ‘रॉटन’, म्हणजे नासकी. आणि पुढील तीस दिवसांनी ती बंद करते. सांभाळणारे थोडे आणि तक्रारी अपार, ही त्यांची अडचण आम्ही जाणतो. ‘फ्रोझन’ लेबल लावून कोणी हा क्रम थांबवूही शकतो. तथापि ज्याने मन लावून दोषाचे वर्णन लिहिले, त्यास कोणाही माणसाचा शब्द न मिळता दार लागलेले दिसावे, हे बरे नव्हे.

यापेक्षा १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पातील ‘वोंटफिक्स’ ही खूण आम्हांस अधिक सभ्य वाटते. ‘हे आम्ही दुरुस्त करणार नाही’, असा तिचा रोखठोक अर्थ. नकार कटू खरा. पण तो वाचून दिलेला असतो, आणि तक्रारदारास त्याच दिवशी दुसरी वाट शोधता येते.