यश कोणत्या मापाने मोजावे?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच पृच्छा होते: किती टक्के पडले? मुलाला स्वतःला काय साधावयाचे आहे, हे मात्र विचारावयाचे राहून जाते.

अशा वेळी आम्हांस गोव्यातील सांतइस्तेवचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे स्मरण होते. मुंबईस त्यांनी वैद्यकीचे शिक्षण आरंभिले, ते अर्ध्यावर सोडिले आणि चित्रकलेची वाट धरिली. सर जे. जे. कलाशाळेतही मन रमेना, तेव्हा ते शांतिनिकेतनास जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. साडी नेसलेली, आपल्या मातीतली पवित्र मरिया त्यांनी रंगविली. गोव्यातील पुष्कळांना ते मुळीच मानवले नाही! पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी काम चालूच ठेविले. आज त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेली आहेत.

मुलांनी शिक्षण सोडावे, असे आमचे म्हणणे नाही. (डॉक्टर तर आपल्या खेड्यांना हवेतच.) परंतु आठवी-नववीतल्या मुलामुलींशी आईबापांनी एखाद्या संध्याकाळी निवांत बोलावे. कोणते काम करताना तहानभूक हरपते? कोणासारखे व्हावेसे वाटते, आणि त्याच्यापाशी असलेले नेमके काय हवेसे वाटते: पैसा, मान की कसब? उत्तरे मुलांनीच वहीत लिहावी. पुढील वर्षी ती बदललेली दिसली तर रागावू नये. फोन्सेकांनीही प्रथम वैद्यकीच निवडली होती.