चुंबक न चिकटणारी मोटार



जालना म्हटलं की लोखंडी सळया आठवतात. पण आज आपण अशा मोटारीकडे जाऊ, जिच्या अंगाला चुंबकच चिकटत नाही! बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली आणलेली डॉल्फिन. तिची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे काचेचे बारीक धागे आणि रेझिन. तिला गंज चढत नाही. खालची चासी मात्र लोखंडाचीच हं!

मग पुन्हा रंगवायला अडचण काय? सांगतो. पत्र्याच्या गाडीचा जुना रंग रिमूव्हर लावून झटपट निघतो. तोच इथे लावाल तर रंगाबरोबर खालचं रेझिनही मऊ पडेल. म्हणून पाण्याचा पॉलिश पेपर घ्यायचा नि हातानं घासत बसायचं. कंटाळवाणं काम आहे खरं! पण वरचा गुळगुळीत थर, जेलकोट, झिजून धागे दिसू लागले की घात झालाच समजा.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात ना, त्यांवर नुसती लांबी फासू नका. काही दिवसांनी ते नव्या रंगातून पुन्हा डोकावतात. तडा तळापर्यंत कोरून, त्यात फायबर मॅट आणि रेझिन भरावं लागतं.

आणि ती धूळ! काचेचीच ती. अंगाला खाज सुटते, छातीत गेली तर त्याहून वाईट. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आई-बाबांनो, मुलांना हे लांबूनच पाहू द्या.

शेवटी बॉडी धुऊन खडखडीत वाळवायची, कारण ओल राहिली तर रंगाला फोड येतात. मगच प्राइमर. जालन्याचं उन्हाळी ऊन तर फुकटच आहे!